उपाशीपोटी दोनशे दहा

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"दोनशे दहा."

"उपाशीपोटी?"

"चहा झालाय."

त्यांनी हातातलं लाटणं पोळपाटावर आवाज न करता टेकवलं. "मग नारळ तू फोडू नकोस. वर जाऊन फुलं ओवत बस. दहा वाजेस्तोवर खाली कोण येत न्हाई. एकशे साठवर आलीस की ये."

मी परडी उचलली आणि गच्चीवरच्या खोलीत गेले. त्या दिवशी आमच्या घरी माझ्या नणंदेचं, गिरिजाचं डोहाळजेवण होतं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

मला साखरेचा आजार नव्हता, आजही नाही. मला जे होतं ते सांगलीच्या डॉक्टरांनी तीन-चार भेटींनंतर सांगितलं होतं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. माझ्या नवऱ्यानं, श्रीशैलनं, घरी येऊन त्यातला पहिला शब्द तेवढा आईला सांगितला, कारण पुढचं त्याच्याही नीट लक्षात राहिलं नव्हतं. आता आमच्या कराडात बॉर्डर म्हटलं की ती शुगरचीच. अमक्याच्या काकांची बॉर्डरला आहे, तमक्या वहिनींनी ओलांडली. सासूबाई म्हणाल्या, "बॉर्डरलाच आहे न्हवं? मग अजून झालेलं न्हाई. पथ्य पाळलं की जातंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं मेथीच्या पाण्याचा पेला आला. मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा पेला मोरीत ओतला. चौथ्या दिवशी पुन्हा पेला आला. मग मी प्यायले, कारण भांडायला लागणारी ताकद मला दिवसभरासाठी राखून ठेवायची होती.

माझं नाव मृदुला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्यानं काढली त्यानं मला पाहिलं असावं. सकाळी डोळा उघडायच्या आधी माझी चिडचिड उठलेली असायची. पंख्याची कटकट, कुणाच्या स्लीपरची फटफट, चहावर फुंकर मारायची श्रीशैलची ती पद्धत, शेजारच्या शिंदेकाकांचं रोजचं "काय मग?" या सगळ्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. श्रीशैलला कारखान्यातून यायला उशीर झाला की तो मला सोडून गेलाच असं वाटून मी रडायचे आणि तो दारात दिसला की ओरडायचे, "आलास कशाला?" तो बिचारा चपला हातात घेऊन उभा राहायचा. आत यावं की जावं, ते त्याला कळायचं नाही. खरं तर ते मलाही कळायचं नाही.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी एक युक्ती दिली होती. चिडचिड चढायला लागली की तिला दहापैकी मार्क द्यायचे आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं सांगायचे. सांगितलं की म्हणे फुटायच्या आधी थांबता येतं. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "सात!"

"सात काय?" सासूबाई म्हणाल्या. त्या मिक्सरवर चटणी फिरवत होत्या.

"राग. दहापैकी सात."

"सात म्हंजे पास का नापास? शाळेचा पेपर हाय का? शुगरसारखं सांग की. ते कळतंय मला. एकशेचाळीसच्या आत असलं की निवांत, दोनशेच्या वर गेलं की जपायचं."

इतका संताप आला मला! दात-ओठ खात मी म्हणाले, "दोनशे चाळीस!"

त्यांनी ताबडतोब मिक्सर बंद केला. "मग जा, पड जा जरा. चटणी नंतर करू."

माझ्या रागासाठी जन्मात कुणी मिक्सर बंद केला नव्हता. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकावरच राग. शाळेत म्हणायचे, आगाऊ. सासरी येईपर्यंत मी स्वतःच म्हणायला लागले होते की मी वाईट आहे, वाईट. इथं मात्र कुणी काही म्हणालं नाही. आकडा विचारायचा आणि आकड्याप्रमाणे वागायचं, एवढंच. दोनशेच्या वर मी गच्चीवरच्या खोलीत जायचे. मागून कुणी यायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. उतरलं की मी खाली यायचे आणि ताट वाढलेलं असायचं. सासूबाईंना हा आजार शुगरचाच कुठला तरी प्रकार वाटतोय, अशी माझी खात्री होती. वाटू दे, म्हटलं.

पण हे सगळं सुरू व्हायच्या आधी एक घडून गेलं होतं. गौरी जेवायच्या दिवशी गिरिजा नवऱ्याला घेऊन आली होती. जेवताना ती चमच्यानं श्रीखंडाची वाटी खरवडत होती. स्टीलवर स्टील. मी दोनदा तिच्याकडं पाहिलं, तिला कळलं नाही. तिसऱ्यांदा मी उभी राहिले आणि सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "निघ माझ्या घरातून." लग्न झालेल्या मुलीला तिच्या माहेरातून निघ म्हणाले मी, तेही सणाच्या दिवशी. ती हात न धुता उठली आणि गेली. त्यानंतर दीड वर्ष ती या घराची पायरी चढली नव्हती.

आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं न बोलता ठरलेलं असतं. पण गिरिजानं फोनवर आईला स्पष्ट सांगितलं होतं, "डोहाळजेवणाला येते. वहिनीचं बघते. मग ठरवते, बाळंतपणाला यायचं का सासरीच राहायचं ते." सासूबाईंनी फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, हेच मला जास्त लागलं.

रात्री श्रीशैल भीत भीत म्हणाला, "तू दोन दिवस मिरजेला आईकडं जाऊन येतेस का? म्हणजे तुलाच दगदग नको."

मी काही बोलायच्या आधी बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "घरची सून असताना ओटी काय शेजारीण भरणार व्हय? ती कुठं जात न्हाई."

मला जायचं नव्हतं. मला त्या दिवशी त्या घरात असायचं होतं, घरच्या माणसासारखं. आणि गिरिजा बाळंतपणाला यायला हवी होती. माझ्यामुळं एका आईला लेकीचं बाळंतपण करायला मिळालं नाही, हे मला आयुष्यभर सोसलं नसतं.

तर मी वर बसून फुलं ओवली. मोगरा, शेवंती, मध्ये एखादा गुलाब. एकशे साठ झालं तेव्हा खाली आले.

गिरिजा आली होती. मला पाहून म्हणाली, "बरी आहेस ना वहिनी?" मीही म्हणाले, "बरी आहे. तू?" एवढंच बोलणं झालं. मी तिला फुलांचे दागिने घालत होते तेव्हा तिनं मान इतकी ताठ धरली होती की मला तिच्या गळ्याची शीर दिसत होती.

अकराच्या सुमाराला बैठकीच्या खोलीत वीसेक बायका जमल्या. हिरव्या साडीतली गिरिजा फुलांच्या कमानीखाली बसली. समोर झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. तो खेळ शेवटी व्हायचा होता. मी श्रीखंडाच्या वाट्या वाटत होते. प्रत्येक बाई "ही का सून?" असं डोळ्यांनी शेजारणीला विचारत होती, आणि शेजारीण डोळ्यांनीच "हीच ती" म्हणत होती. वीस वाट्या, वीस चमचे.

सासूबाई खोलीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. अधूनमधून त्या फक्त भुवया उडवायच्या, म्हणजे किती? मी बोटांनी सांगायचे. एकशे ऐंशी. दोनशे.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की डोहाळ्याची गाणी म्हणायची, आणि कुणाचा तरी मुलगा माईक घेऊन आला. भीक नको पण कुत्रं आवर, असं मला झालं. दोघी एका सुरात, तिसरी दुसऱ्यात, माईक मध्येच किंचाळायचा. माझे कान तापले. जबडा आपोआप आवळला गेला. हातातला ट्रे आपटावा, नाहीतर त्या माईकवालीच्या डोक्यात घालावा, असं खरोखर मनात आलं. माझा चेहरा सासूबाईंनी पाहिला असावा. गाण्याच्या गोंगाटात भुवया पुरणार नाहीत म्हणून त्यांनी तिथून ओरडून विचारलं, "किती गं?"

मीही ओरडले, "दोनशे साठ!"

आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं.

माझा आकडा सगळ्या खोलीभर ऐकू गेला. वीस माना वळल्या. त्यातली एक शकुमावशीची, सासूबाईंच्या विट्याच्या मावसबहिणीची. शकुमावशीला पंचवीस वर्षं शुगर होती आणि त्या बाबतीत ती कुणाला पुढं जाऊ द्यायची नाही.

"दोनशे साठ?" ती उठलीच. "आन हातात श्रीखंड? ठेव ते खाली! या वयात दोनशे साठ? नवरा साखर कारखान्यात, आन बायकोला शुगर!"

बायका हसल्या. मावशीनं माझ्या हातातला ट्रे काढून घेतला, मला ओढून शेजारी बसवलं आणि पर्समधून तिचं ते छोटं मशीन काढलं. "बघू दे मला. घरच्या मशिनीवर इसवास ठेवायचा न्हाई. बोट दे."

"नको मावशी."

"मुंगी चावल्यागत होतंय. दे म्हनते न्हवं!"

तिनं माझं बोट घट्ट पकडलं. तिच्या हाताला बामचा वास होता. मला असं कुणी धरलेलं चालत नाही, अजूनही चालत नाही. माझ्या छातीत ते वर चढायला लागलं, ज्याच्यानंतर मी काय बोलते ते मला नंतरच कळतं. मी गिरिजाकडं पाहिलं. तिनं एक हात पोटावर ठेवला होता, दुसऱ्यानं पदर सावरला होता आणि पाय चपलांच्या दिशेनं वळवले होते. ती निघायच्या तयारीत होती. पुढं काय होणार ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

टच्. मावशीनं सुई टोचली. थेंब घेतला. मशीन बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"चौऱ्याण्णव?" तिनं मशीन हलवलं. "बिघडलं वाटतं. दुसरं बोट दे."

"शकू," सासूबाई म्हणाल्या. त्या गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आल्या होत्या. "ठेव ते मशीन. तिची शुगर तुझ्या मशिनीत येत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता, दूधवाल्याशी बोलताना असतो तसा. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे, पण या बाईला सगळं ठाऊक होतं.

"म्हंजे?" शकुमावशीनं बोट काही सोडलं नव्हतं.

सासूबाई काहीतरी सांगायला गेल्या असत्या, पण मीच बोलले. आवाज माझा होता, पण ओरडलेला नव्हता. "मला शुगर नाही मावशी. मला रागाचा आजार आहे."

"राग काय गं! राग मलाबी येतोय."

"तुमचा येतो आणि जातो. माझा घरीच राहतो. सांगलीला डॉक्टर आहेत त्याचे, रात्री गोळी घेते. आकडा मी रागाचाच सांगते. आत्ता दोनशे साठ आहे. तुम्ही बोट सोडलं नाही तर तीनशे होईल."

तापलेला तवा सोडावा तसं मावशीनं बोट सोडलं.

माईक तेवढा बारीक घूं करत होता, तो कुणीतरी बंद केला. मी उठले. "मी जरा वर जाते," मी सगळ्यांना म्हणाले. "उतरलं की खाली येते. श्रीखंड खा तोवर." आणि जिना चढून गेले. दार आपटलं नाही.

वर बादलीत गार पाणी होतं. मी मनगटं बुडवली, तोंडावर हबके मारले आणि फरशीवर आडवी झाले. मला वाटलं होतं मला रडू येईल, लाज वाटेल. तसं काही झालं नाही. दिवसभर घट्ट चोळी घालून शेवटी हूक काढल्यावर वाटतं, तसं वाटलं. सांगून टाकलं होतं. सगळ्या नातेवाइकांत, विट्यापासून मिरजेपर्यंत, संध्याकाळच्या आत पोचणार होतं आणि मला त्याची काळजी वाटत नव्हती. खाली मात्र गिरिजा गेली असेल, याची काळजी होती. मी तिच्या गाडीचा आवाज येतो का ते ऐकत पडले.

त्याऐवजी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मध्ये थांबत. दारात गिरिजा उभी राहिली, धापा टाकत, फुलांनी मढलेली.

"आता किती?" तिनं विचारलं.

"एकशे नव्वद. आत येऊ नकोस असं नाही. ये."

ती खाटेवर बसली. "हे सगळं टोचतंय मला सकाळपासून. बाजूबंद काढ आधी."

मी उठून तिच्या दंडावरचा दोरा सोडायला लागले. जरा वेळानं ती म्हणाली, "आईनं मला सांगितलं होतं फोनवर. मला खरं वाटलं नव्हतं. म्हटलं, सुनेची बाजू सावरतेय."

"त्यांना कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून. दादानं बॉर्डरलाइन म्हणून सांगितलं, तर ती स्वतः एसटीनं सांगलीला जाऊन तुझ्या डॉक्टरांना भेटून आली. दादालाही पत्ता नाही."

माझे हात थांबले. "मग मला शुगर शुगर काय करत होत्या?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाली, शुगर म्हटलं की चार बायका पथ्य सांगायला येतात. दुसरं काही म्हटलं की त्याच चार बायका यायच्या बंद होतात. मृदुलाला सांगायचं असंल तवा ती सांगंल, म्हणाली."

"आणि मेथीचं पाणी?"

"ते ती सगळ्यांनाच पाजते. मला कावीळ झाली तेव्हाही पाजलं होतं."

आम्ही दोघी हसलो. तिच्याबरोबर हसण्याची मला सवय उरली नव्हती, त्यामुळं माझं हसू जरा जास्तच मोठं झालं.

मग ती गळ्यातल्या हाराची एक पाकळी तोडून बोटांत चुरत राहिली. "मला वाटायचं, तुला मी नकोशी आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष तेच वाटत होतं."

"तू नाही. तो चमचा," मी म्हणाले. "तू मला हवी होतीस गं. पण त्या वेळी मला चमचा आणि तू वेगवेगळं दिसत नव्हतं."

तिनं मान हलवली. तिला सगळं पटलं असं नाही, पण ती ऐकत होती. मग तिनं तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती सातव्या महिन्यात जिना चढून आली होती.

"माझं बाळ रडेल वहिनी. रात्री-बेरात्री रडेल. तेव्हा गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाळावर कोण रागावतं गं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

"मला राग येईल," मी म्हणाले. "रोज येईल. बाळाचाही येईल, तुझाही येईल. मी आकडा सांगेन आणि इथं वर येईन. वर असताना मला हाक मारायची नाही. उतरलं की मी खाली येईन."

"येशील ना पण खाली?"

"येईन. आजवर प्रत्येक वेळी आलेय. आईंना विचार."

तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. खालून कुणीतरी पेढा-बर्फीसाठी हाका मारत होतं. सगळ्या खोळंबल्या होत्या.

"मग या खोलीत उन्हाळ्याचा पंखा बघा नीट," गिरिजा म्हणाली. "मी पुढच्या महिन्यात येतेय. तू वर तापलीस तर तुझं कधी उतरायचंच नाही."

मी म्हणाले, "पंखा कटकट करतो."

"मग तेल घाल त्याला. ऊठ."

आमचा जिना अरुंद आणि उभा, कठडा फक्त एका बाजूला. चढताना ती कशी आली देव जाणे. मी पुढं झाले, एक पायरी उतरले आणि थांबले. तिनं मागून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. आधी नुसतेच टेकवले. मग दुसऱ्या पायरीला तिनं भार टाकला, तिचा आणि बाळाचा, सगळाच्या सगळा. सातव्या महिन्यातली बाई चांगलीच जड असते.

"पाडशील हं मला," ती म्हणाली.

"गप," मी म्हणाले, "उतर."